गडगा, चहा आणि जनरल थिमय्या

यंदा जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या आगरातला गडगा ढासळला. जांभ्याच्या दगडांचा, नुसता रचलेला, कंबरेएवढा. पावसात गडगा पडणं ही कोकणात काही बातमी नव्हे. दिवाळीनंतर दोन गडी लावायचे, दगड पुन्हा रचायचे, की झालं. पण हा गडगा माझ्या सख्ख्या भावाच्या आणि चुलतभावाच्या हिश्शांमधला. उभा होता तोवर त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. आडवा झाल्यावर मात्र तो नेमका कुठून जात होता यावर दोन मतं निघाली. दोन मतांच्या मधोमध अडीच फूट जमीन आणि एक बरका फणस.

कापा असता तर गोष्ट वेगळी होती. बरक्या फणसासाठी भांडणारी माणसं मी पहिल्यांदाच पाहिली.

दादाचा फोन आला, "तू ये. तुझं तो ऐकेल." पाठोपाठ चुलतभावाचा आला, "ताई, तू ये. दादाला तूच सांगू शकतेस." सात-बारावर माझंही नाव आहे, पण मी पडले माहेरवाशीण. गणपतीला येणार, चार दिवस राहणार, सोलं आणि पोह्याचे पापड घेऊन जाणार. म्हणजे दोघांच्या हिशेबी मी तटस्थ राष्ट्र. पुण्याहून रात्रीची एसटी धरली आणि पहाटे दापोलीला उतरले. धुकं इतकं होतं की स्टँडवरचा चहावाला आधी ऐकू आला, मग दिसला.

वाडीकडे जायच्या गाडीला तासभर होता. त्या तासात मला आजोबा आठवत राहिले. गडग्यांचे तंटे हे त्यांचं खातं होतं.

आजोबांना सगळी वाडी 'हवालदार' म्हणायची. आमच्या भागात हे नवल नाही. जुनी माणसं अजून दापोलीला 'कॅम्प' म्हणतात. "कुठं निघालास?" "कॅम्पात." इंग्रजांनी पेशवाई बुडवल्यावर इथली थंड हवा बघून छावणी टाकली, आणि पुढे पेन्शनीत निघालेले देशी शिपाई इथं वसले. खेड, दापोली, मंडणगड, महाड या पट्ट्यातून मुंबईच्या फौजेत पिढ्यान् पिढ्या माणसं गेली. मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे सुभेदार रामजी सकपाळ महूला पेन्शनीत निघाल्यावर मुलाबाळांसह काही काळ दापोलीतच राहिले होते. त्यांतला धाकटा भीमराव. तर ज्या गावाला नावच छावणीचं, तिथं दर चार घरांआड एक हवालदार असायचा. आमचा त्यांतलाच एक. १९३९ ला भरती, मग ब्रह्मदेश, मग काश्मीरच्या वाटेवरचे तळ, आणि शेवटी कोरिया.

कोरिया हा शब्द आमच्या घरात मी भूगोलाच्या पुस्तकात वाचण्याआधी ऐकला. थंडीला आजोबांचं परिमाण तेच होतं. माघात पहाटे आगरात शेकोटी पेटवून आम्ही कुडकुडत बसलो की ते पडवीतून ओरडायचे, "ही काय थंडी? कोरियात मिशीवर बर्फ यायचं." त्यांना मिशी नव्हती. आजी हे दर वेळी निदर्शनाला आणायची.

त्यांची मध्यस्थीची पद्धत ठरलेली होती. वाडीत गडग्यावरून, पाखाडीवरून, शिमग्यात पालखी आधी कोणाच्या दारात थांबणार या मानावरून बोलाचाली झाली, की दोन्हीकडून त्यांना बोलावणं यायचं. ते काठी घेऊन निघायचे. पहिल्या घरी ओटीवर बसायचे आणि काही विचारायच्या आधी म्हणायचे, "चहा नाही टाकलास?" घरवाला तणतणत असायचा, पण दारी आलेल्या माणसानं चहा मागितला तर नाही कसं म्हणणार? चहा उकळेपर्यंत त्याचा आवाज अर्ध्यावर यायचा. मग दुसऱ्या घरी. तिथंही चहा. संध्याकाळी आजोबांना झोप यायची नाही आणि आजी म्हणायची, "तुमचे तंटे तुमच्या पित्ताला बाधतात."

मिटलेले तंटे थोडे. न मिटलेले बरेच. पण त्यांच्या हयातीत वाडीत कोयता कोणी उगारला नाही. ही चहाची युक्ती त्यांची स्वतःची नव्हती, हे मला फार उशिरा कळलं.

कोरियाचं युद्ध २७ जुलै १९५३ ला थांबलं. थांबलं, संपलं नाही. तहनामा आजतागायत झालेला नाही. ते त्याआधीच थांबलं असतं, पण दीड वर्ष बोलणी एका प्रश्नावर अडून बसली होती. युद्धकैद्यांचं काय करायचं? रिवाज असा की लढाई थांबली की ज्याचे कैदी त्याला परत. इथं हजारो कैदी म्हणत होते, आम्हाला परत जायचं नाही. चीन आणि उत्तर कोरिया म्हणत होते, तुम्ही त्यांना धाकात ठेवून हे वदवून घेता. अमेरिका म्हणत होती, त्यांची तीच इच्छा आहे. शेवटी तोड निघाली ती अशी: परत जायला नकार देणारे सगळे कैदी तिऱ्हाइताच्या ताब्यात द्यायचे, त्यांच्या त्यांच्या देशाच्या माणसांनी येऊन त्यांना समजवायचं, आणि मग ज्यानं त्यानं ठरवायचं.

तिऱ्हाईत म्हणून पाच देशांचा आयोग नेमला. स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि भारत. पहिले दोन एका बाजूला झुकणारे, पुढचे दोन दुसऱ्या. म्हणजे दर मतदानाला दोन विरुद्ध दोन, आणि पाचवं मत अध्यक्षाचं. अध्यक्ष भारताचे लेफ्टनंट जनरल कोदेंदेरा सुबय्या थिमय्या.

कैद्यांवर पहारा ठेवायला पाच-सहा हजार भारतीय जवानांचं दल गेलं. त्याचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात, कोल्हापूरजवळच्या वडगावचे. आजोबा या दलात होते. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांचा भारतावर इतका राग, की भारतीय शिपायाचा पाय माझ्या जमिनीला लागता कामा नये, असा त्यांनी हट्टच धरला. म्हणून इंचॉन बंदरात जहाजं लागल्यावर आपल्या जवानांना अमेरिकन हेलिकॉप्टरांत घालून थेट दोन्ही कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात नेऊन सोडलं. हर्णैच्या बंदरात होडीतून उतरताना ढोपरभर पाण्यातून चालायची सवय असलेला माणूस हा. "जमिनीला पाय लावू दिला नाही मेल्यानं," हे आजोबांचं ऱ्हीसाहेबांवरचं एकमेव राजकीय भाष्य. छावणीला नाव दिलं होतं हिंदनगर.

संयुक्त राष्ट्रांच्या बाजूनं ताब्यात आले २२,६०४ कैदी. त्यांत १४,७०४ चिनी, बाकीचे उत्तर कोरियाचे. पलीकडच्या बाजूनं आले अवघे ३५९. त्यांत २३ अमेरिकन आणि एक ब्रिटिश. तारांच्या कुंपणातले हे कैदी म्हणजे हताश माणसांचा घोळका नव्हता. आत त्यांच्या संघटना होत्या, पुढारी होते, निशाणं होती. रात्रभर ढोल बडवायचे, घोषणा द्यायचे. ज्याला परत जायचं असेल त्यानं उघड म्हणायची सोय नव्हती. शेजारचाच त्याचा गळा दाबेल अशी स्थिती. काही जण रात्री जीव मुठीत धरून कुंपणावरून उड्या मारून पहाऱ्याकडे येत.

सप्टेंबर अखेरीस चिनी कैद्यांनी एका भारतीय मेजरला आत ओढून नेलं आणि डांबून ठेवलं. बाहेर बंदुका होत्या. गोळीबार केला तर मेजर मेला असता, आणि त्याच्याबरोबर शेकडो कैदी, आणि त्यांच्याबरोबर तो सगळा तह. थोरात मोजक्या माणसांनिशी, शस्त्र न घेता कुंपणाच्या आत गेले. पुढचं छावणीत ज्या रीतीनं फिरलं त्या रीतीनं आजोबा सांगत: आत आरडाओरडा, दगड, गर्दी अंगावर येतेय, आणि साहेब खाली बसले आणि म्हणाले, "आमच्याकडे पाहुण्याला चहा विचारतात. तुमच्याकडे नाही का तशी रीत?" चिनी लोक आदरातिथ्याच्या बाबतीत कोकणी माणसाइतकेच हळवे असावेत. चहा आला, विड्या आल्या. आणि काही वेळानं मेजर बाहेर आला.

तर ती युक्ती थोरातसाहेबांची. आजोबांनी ती कोरियातून आणली. इतर जण मनगटी घड्याळं घेऊन आले.

पण दर वेळी चहावर भागलं नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कैदी कुंपण तोडून बाहेर पडायला लागले तेव्हा भारतीय पहाऱ्यानं गोळी चालवली आणि काही कैदी मेले. आजोबा याबद्दल बोलत नसत. मी एकदा विचारलं होतं, शाळेत असताना, उत्साहानं: "तुम्ही गोळी मारलीत?" ते उठून गोठ्यात गेले.

समजावणी सुरू झाली १५ ऑक्टोबरला. एक तंबू. एका बाजूला कैद्याच्या देशाचे अधिकारी, समोर कैदी, मध्ये भारतीय अध्यक्ष, भोवती बाकी चार देशांचे प्रतिनिधी, दुभाषे. बोलणं झालं की कैद्यानं दोनांपैकी एका दारानं बाहेर पडायचं: एक मायदेशी जायचं, एक परत कुंपणात. काही कैदी आत शिरताच शिव्यांचा भडिमार करत, खुर्च्या उचलत. चिनी अधिकारी एकेका माणसाला तासन् तास समजावत बसत. कितीतरी कैदी तंबूकडे यायलाच तयार नसत, आणि त्यांना बळानं आणायचं तर रक्त सांडलं असतं. ठरले होते नव्वद दिवस. समजावणी प्रत्यक्षात चालली जेमतेम दहा दिवस. २३ डिसेंबरला मुदत संपली तेव्हा बहुतेकांचं म्हणणं कोणी ऐकलंच नव्हतं.

या गोष्टीतला माझा आवडता भाग इथून पुढे आहे. त्यात शौर्य अजिबात नाही.

मुदत संपली, पण कैद्यांच्या भवितव्यावर जी राजकीय परिषद भरायची होती ती भरलीच नाही. आता थिमय्यांच्या ताब्यात बावीस हजार माणसं आणि करारात पुढची ओळ नाही. एक बाजू म्हणे, सोडून द्या, ते आता नागरिक आहेत. दुसरी म्हणे, ठेवून घ्या, समजावणी पुरी होऊ द्या. थिमय्यांनी दोन्ही केलं नाही. मला त्यांना मुक्त घोषित करण्याचा अधिकार नाही आणि धरून ठेवण्याचाही नाही, तेव्हा ज्यांच्याकडून घेतले त्यांना परत, असं त्यांनी ठरवलं. २० जानेवारी १९५४ पासून कैदी परत गेले. अमेरिकनांनी तीन दिवसांत त्यांना मोकळं केलं, आणि चौदा हजारांवर चिनी तैवानला गेले. चीन संतापला: भारतानं शत्रूच्या हाती माणसं दिली. ऱ्ही आधीपासूनच संतापलेले होते. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांतही भारताला शिव्या पडल्या. मायदेशही नको आणि ही बाजूही नको असं म्हणणारे ८८ जण उरले, ते भारतीय दलाबरोबर जहाजानं मद्रासला आले. त्यांतले काही पुढे दक्षिण अमेरिकेत गेले, काही भारतातच राहिले.

गावात जो पंच दोन्ही घरच्या शिव्या खातो त्याच्याबद्दल लोक म्हणतात, "त्यानं घोळ घातला." आजोबांचं मत वेगळं होतं. एकाच घरच्या शिव्या आल्या तर ते अस्वस्थ व्हायचे. "माझं काहीतरी चुकलं," म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काठी घेऊन निघायचे.

आजोबांनी थिमय्यांना जवळून असं पाहिलं दोनदा. बोलणं कधी झालं नाही. उंचेपुरे, रुबाबदार, एवढंच वर्णन. पण त्यांच्याबद्दल ते असं बोलायचे जसं आपण गावच्या मोठ्या घराबद्दल बोलतो, आपलं नाही पण आपल्या वाडीतलं. मला वाटतं त्याचं मूळ ब्रह्मदेशात होतं.

थिमय्या कोडगूचे, मडिकेरीला १९०६ साली जन्मलेले. डेहराडूनच्या मिलिटरी कॉलेजातून सँडहर्स्टला गेले, १९२६ ला अधिकारी झाले. थोरातांचंही जन्मसाल १९०६, त्यांनाही कमिशन १९२६ लाच. १९४५ च्या जानेवारीत आराकानच्या किनाऱ्यावर कांगॉला जी लढाई झाली, तिथं एका ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे कमांडर भारतीय होते: थिमय्या, थोरात आणि एल. पी. सेन. गोऱ्या सैन्याधिकाऱ्यांना हिंदी माणसाच्या हाती पलटण देताना तोवर हात थरथरायचा. या तिघांनाही डी.एस.ओ. हे ब्रिटिश लष्करी सन्मानपदक मिळालं. आजोबा सांगायचे की आराकान बघून त्यांना रडू आलं होतं, कारण ते थेट आपल्यासारखं: खाड्या, तिवरं, चिखल, भरती-ओहोटी. "केळशीच्या खाडीत जपानी बसलेत असं वाटायचं." त्यानंतर थिमय्या ब्रिगेडचे कमांडर झाले, युद्धात ब्रिगेड हाताळणारे ते पहिले भारतीय.

काश्मीरचं तर सगळ्यांना ठाऊक आहे. २४ मे १९४८ ला एअर कमोडोर मेहर सिंगांनी डाकोटा विमान पहिल्यांदा लेहला उतरवलं, तेव्हा शेजारी थिमय्या होते. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला जोजी खिंडीत त्यांनी रणगाडे चढवले, साडेअकरा हजार फुटांवर, जिथं रणगाडा येईल असं समोरच्याच्या स्वप्नातही नव्हतं. या माणसाला पुढे पाच वर्षांनी एका तंबूत बसून शिव्या ऐकायचं काम मिळालं.

मला हा उतार वाटत नाही. चढही नाही. पण आपल्याकडे सेनापतीची गोष्ट सांगताना आपण जोजी खिंडीत थांबतो, पुढचं कंटाळवाणं म्हणून सोडून देतो. पोवाड्यात तहाचं कलम कोण गाणार?

वास्तविक आपल्या भाषेत या कामाला केवढा जुना शब्द आहे. आज 'वकील' म्हटलं की काळा कोट दिसतो, पण पेशवाईच्या कागदांत वकील म्हणजे राजदूत. दिल्लीला हिंगणे वकील होते, त्यांची पत्रं वाचली तर बाजारभावापासून बादशहाच्या पोटदुखीपर्यंत सगळं सापडतं. मराठी वर्तमानपत्रं अजूनही परदेशातल्या दूतावासाला 'वकिलात' म्हणतात, आणि हा शब्द कुठून आला हे कोणी विचारत नाही. आणि पेशवेपद ज्या घराण्यात पुढे राहिलं ते आलंच मुळी एका वाटाघाटीतून. १७१३ मध्ये कान्होजी आंग्र्यांनी शाहू महाराजांच्या पेशव्याला, बहिरोपंत पिंगळ्यांना, कैद केलं. मग पाठवलं कोणाला? आमच्या बाणकोटच्या खाडीपलीकडच्या श्रीवर्धनच्या बाळाजी विश्वनाथ भटांना. लढाई झाली नाही. बोलणी झाली, कान्होजींकडे किल्ले आणि सरखेलपद, म्हणजे आरमाराचं प्रमुखपद, राहिलं, आणि ते शाहूंच्या बाजूला आले. त्याच घराण्यात चाळीसेक वर्षांनी नातवानं इंग्रजांना मदतीला घेऊन कान्होजींच्या मुलाचा, तुळाजीचा, सुवर्णदुर्ग पाडाव केला. हर्णैच्या धक्क्यावर उभं राहिलं की तो किल्ला समोर दिसतो, हाकेच्या अंतरावर. त्या मदतीच्या बदल्यात इंग्रजांना बाणकोट मिळालं. आजोबांनी जी वाटाघाट बघितली तिच्यापेक्षा ती किती महाग पडली, याचा हिशेब मी अधूनमधून करते आणि सोडून देते.

स्वतंत्र भारतात सेनापतींना वकिलातीवर पाठवण्याची रीत पहिल्यापासून पडली. जनरल करिअप्पा १९५३ ला निवृत्त झाले आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला हायकमिशनर म्हणून गेले. जे. एन. चौधरी कॅनडाला. गोपाळ गुरुनाथ बेवूर डेन्मार्कला. त्यांच्यानंतरचे रैनाही कॅनडाला, आणि तिथंच १९८० मध्ये वारले. ओ. पी. मल्होत्रा इंडोनेशियाला. अलीकडे दलबीर सिंग सुहाग सेशेल्सला. यामागे सन्मान होता तसा हिशेबही असावा. शेजारी आयुब खानांनी १९५८ ला सत्ता घेतली. हे आयुब फाळणीआधी करिअप्पांच्या हाताखाली होते. लोकप्रिय सेनापती निवृत्त झाल्यावर दिल्लीपासून चार समुद्र दूर असलेला बरा, असं कोणाच्या मनात आलं असेल तर मी त्याला फार दोष देणार नाही. आमच्याकडेही जड झालेल्या थोरल्या काकांना मुंबईच्या खोलीवर 'जरा जाऊन या' म्हणून पाठवतात.

कागदोपत्री थिमय्या कधीच राजदूत नव्हते. त्यांना दूतावास, झेंड्याची गाडी, संध्याकाळच्या मेजवान्या यातलं काही मिळालं नाही. त्यांच्या वाट्याला आल्या त्या दोन माणसांच्या भांडणामधल्या जागा. आणि गंमत अशी की परक्यांच्या भांडणात ज्यांचा तोल गेला नाही, त्यांना घरच्या भांडणात हार खावी लागली. १९५७ ला ते लष्करप्रमुख झाले. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी पटेना. ३१ ऑगस्ट १९५९ ला त्यांनी राजीनामा दिला, नेहरूंनी समजूत घातली, त्यांनी तो मागे घेतला. बातमी मात्र फुटली होती. दोन दिवसांनी नेहरूंनी लोकसभेत त्यांनाच बोल लावले. राजीनामा द्यायचा तर मागे घ्यायचा नव्हता, मागे घ्यायचा तर द्यायचा नव्हता; असं मला वाटतं, आणि मला वाटून काय उपयोग. त्यानंतर त्यांच्या शब्दाला वजन राहिलं नाही. आपल्यामागे थोरातांना प्रमुख करावं अशी त्यांची इच्छा होती. १९६० मध्ये लखनौला थोरातांनी 'लाल किला' नावाचा लष्करी सराव घेऊन चीन ईशान्येत कसा घुसेल हे मांडलं होतं. १९६१ ला प्रमुख झाले प्राणनाथ थापर. थोरात निवृत्त झाले, पुढे महाराष्ट्राच्या लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. १९६२ चं काय झालं ते सांगायला नको.

थिमय्यांना शेवटचं बोलावणं आलं १९६४ मध्ये, सायप्रसहून. १९६० ला इंग्रज गेले, आणि १९६३ च्या डिसेंबरात तिथले ग्रीक आणि तुर्क एकमेकांच्या जिवावर उठले. निकोसिया शहराच्या नकाशावर एका इंग्रज जनरलनं हिरव्या पेन्सिलीनं रेघ मारली: अलीकडे हे, पलीकडे ते. ४ मार्च १९६४ च्या ठरावानं संयुक्त राष्ट्रांचं दल गेलं, तीन महिन्यांसाठी. त्याचे पहिले कमांडर जनरल ग्यानी हे भारतीयच. जुलैत थिमय्या आले. महिनाभरात वायव्य किनाऱ्यावर कोक्किनाजवळ ग्रीक फौज तुर्की वस्तीवर चालून गेली आणि तुर्कस्तानच्या विमानांनी बाँब टाकले. पुढचं दीड वर्ष त्यांनी काय केलं याचं वर्णन करणं अवघड आहे, कारण ते बहुतेक 'न घडू दिलेल्या' गोष्टींचं आहे. या गावातली खंदकाची माती उपसू नका म्हणून तिकडे जा, त्या गावात पिठाचे ट्रक सोडा म्हणून इकडे जा. दर तीन महिन्यांनी मुदतवाढ.

१८ डिसेंबर १९६५ ला सायप्रसमध्येच हृदयविकारानं ते गेले. त्या देशानं पुढच्या वर्षी त्यांच्या स्मरणार्थ टपालतिकीट काढलं.

आजी सांगायची की वर्तमानपत्र एक दिवस उशिरानं यायचं. आजोबांनी ती बातमी पडवीत वाचली, चष्मा काढून ठेवला आणि तिला चहा टाकायला सांगितलं. तो प्याले नाहीत. तसाच थंड झाला.

हे सगळं घोळवत मी वाडीत पोचले. पाऊस धरलेला होता. आगरात जाऊन बघितलं: दगड दोन्ही बाजूंना सांडलेले, सुपारीच्या बुंध्याला शेवाळ, आणि मध्ये तो फणस, शांत. दादानं एका दोरीनं त्याची रेघ आखून ठेवली होती, चुलतभावानं दुसऱ्या दोरीनं त्याची. दोन्ही दोऱ्या निळ्याच. मला सायप्रसची पेन्सिल आठवली आणि मी एकटीच हसले. दादा म्हणाला, "हसतेस काय?"

आजोबांसारखं करायचं ठरवलं होतं. आधी दादाकडे बसले. वहिनीनं चहा आणला, दादा निवळला, "ठीक आहे, दीड फूट धरू" इथपर्यंत आला. मग पाखाडी उतरून चुलतभावाकडे गेले आणि म्हटलं, "चहा नाही टाकलास?"

तो म्हणाला, "ताई, आमच्याकडे चहा बंद केलाय. ॲसिडिटी होते. कोकम सरबत देऊ?"

सरबत उकळावं लागत नाही. अर्ध्या मिनिटात आलं. त्याचा आवाज खाली यायला वेळच मिळाला नाही. "दीड? दीड कसलं? दादानं तुला पाठवलंय ना? मला वाटलंच होतं, तू त्याचीच बहीण." मी पुन्हा पाखाडी चढून वर. दादानं विचारलं, "काय म्हणाला?" मी सांगितलं. दादा म्हणाला, "तू त्याला दीड सांगितलंस? मी तुला बोलता बोलता म्हणालो होतो! तू कोणाच्या बाजूनं आहेस?"

तीन दिवस राहिले. एकूण सात चहा, चार सरबतं. निघताना दोघांपैकी कोणीही स्टँडवर सोडायला आलं नाही, म्हणून रिक्षा केली. एवढ्यावरून मी थोडीशी खूश होते, आजोबांच्या हिशेबानं.

परवा वहिनीचा फोन आला. मोजणीचा अर्ज भरलाय दोघांनीही, वेगवेगळा, आणि दोघांचेही पैसे भरून झालेत. तारीख पडायला पावसाळा सरेल. तोवर दोऱ्या जागच्या जागी आहेत. फणस पिकून खाली पडला, कोणी उचलला नाही, आणि तीन दिवस आगरात वास होता. मग म्हशीनं खाल्ला. कोणाच्या, ते तिनं सांगितलं नाही.